कोरे स्वॅब

बिश्केकपासून दूर, डोंगरातल्या कोक-बेलच्या सरकारी हॉस्पिटलात रिस्कुलची पांढरी टोपी दिसली की नर्सा बोलायच्या थांबत. तेवीस वर्षं ती आयसीयूची हेड नर्स होती, आणि गेल्या बावीस वर्षांत तिच्या वॉर्डातून एकदाही खराब स्वॅब गेला नव्हता. दर महिन्याला खाटांचे दांडे, सिंक, ट्रॉल्या, दाराच्या मुठी, नर्सांचे हात अशा बारा ठिकाणी ओला बोळा फिरवायचा, नळीत घालायचा आणि लॅबला पाठवायचा. जंतू असले तर तिथे उगवतात. त्या बावीस वर्षांत रिस्कुलच्या नळ्यांत काही उगवलं नाही, कारण ती बोळा कशावर फिरवतच नसे. नळी उघडायची, बोळा सलाइनमध्ये बुडवायचा, झाकण लावायचं. बारा नळ्या चार मिनिटांत तयार.

आता तिला लबाड म्हणायला कोणाच्या बापाचं काय जातं. पण हेड नर्स झाली त्या वर्षी तिने खरे स्वॅब घेतले होते. त्यात चार ठिकाणी घाण निघाली, वॉर्ड दहा दिवस बंद पडला आणि सोमवारच्या बैठकीत सगळ्या हॉस्पिटलसमोर तिचं नाव वाचून दाखवलं गेलं. घाण कोणी साफ केली हे कोणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून स्वॅब कोरे जायला लागले आणि तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली. आपल्याकडे माणूस शिकतो तो असा.

बाकी कामात मात्र ती डोळ्यांत तेल घालून उभी असे. दाराजवळच्या टेबलावर तिची काचेची बरणी होती. तळाला कापूस, वर जंतुनाशकाचं पाणी आणि त्यात डोकी खाली करून उभे केलेले बारा पाऱ्याचे थर्मामीटर. दिवसातून तीनदा ते बरणीतून निघत, रोग्यांच्या काखेत जात आणि परत बरणीत येत. सरकारने पाठवलेले बॅटरीचे थर्मामीटर आठवड्यात मेले होते. पाऱ्याचे आता कुठे मिळत नाहीत, म्हणून त्या बाराजणांना ती पोटच्या पोरांसारखं जपायची. पाणी कडक केलं की त्यांच्यावरचे आकडे पुसट होत. म्हणून पावडर अर्धीच घालायची, हा नियम तिचाच. बरणीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हाही तिचाच.

त्या वॉर्डात मार्चच्या शेवटी तिची सून आली.

बेगाइम चोवीस वर्षांची. लग्नाला तीन वर्षं झालेली, नवरा आदिलेत मॉस्कोत टॅक्सी चालवायचा. पोटात दुखायला लागलं तेव्हा घरी पाहुणे होते. सून वाकून वाकून चहा ओतत होती, चेहरा पांढराफटक, आणि सासू म्हणत होती, "वारा धरला असेल. चार पावलं चाल, उतरेल." सून दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी चहाचे प्याले उचलता उचलता चुलीपाशी खाली बसली. आतड्याचं शेपूट, अपेंडिक्स, फुटून पू पोटभर पसरला होता.

ऑपरेशन झालं. सुनेची आई कालिपा डोंगरापलीकडच्या गावाहून धावत आली. रडत म्हणाली, "विहीणबाई, हिला बिश्केकला नेऊ या का? तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत."

"बिश्केकला तिच्या उशाशी कोण बसणार आहे?" रिस्कुल म्हणाली. "इथे तिला मी आहे. दुसरी नर्स बोटसुद्धा लावणार नाही, सगळं माझ्या हाताने करीन."

कालिपाने तिचा हात धरून डोळ्यांना लावला. हेड नर्सचीच सून दुसरीकडे नेली तर गाव काय म्हणेल, हा विचार रिस्कुलच्या मनात नव्हता असं नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. सुनेचं अंग पुसणं, कूस बदलणं, जखम बांधणं हे सगळं ती स्वतः करू लागली. उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखालून मोठ्या शिरेत एक प्लॅस्टिकची नळी घातलेली होती, तिच्यातून औषध आणि अन्न जायचं. आणि दिवसातून तीनदा रिस्कुल बरणीतून थर्मामीटर काढायची, झटकायची आणि सुनेच्या काखेत लावायची. काख नळीपासून वीतभर अंतरावर होती.

आठव्या दिवशी बेगाइमला थंडी वाजून ताप भरला.

लॅबमध्ये मेरीम नावाची नवी डॉक्टर होती, बिश्केकला शिकून आलेली, बारीक चणीची, तोंडाने फटकळ. तिने रक्तात काही उगवतं का ते बघायला लावलं आणि तिसऱ्या दिवशी वरच आली. मोठे डॉक्टर कुबात शार्शेनोविच तेव्हा रिस्कुलबरोबर राउंडवर होते.

"यीस्ट उगवलंय," मेरीम म्हणाली. "नेहमीचं औषध त्याला लागू पडत नाही. महिन्यात हा तिसरा रोगी. आधी ते शिक्षक आणि तो कोळशाचा ट्रकवाला, दोघांच्या रक्तात हेच होतं, आणि दोघेही गेले."

"ते त्यांच्या आजाराने गेले," कुबात शार्शेनोविच म्हणाले. "यीस्ट काय, माणसाच्या आतड्यात असतंच."

"हे आतड्यातलं नाही. तिघांना एकच यीस्ट, एकाच औषधाला न जुमानणारं. ते या वॉर्डात कुठेतरी राहतंय, डॉक्टर."

कुबात शार्शेनोविचनी रिस्कुलकडे पाहिलं. "स्वॅब?"

"कोरे," रिस्कुल म्हणाली. "नेहमीसारखे."

"एजे, राग मानू नका," मेरीम तिच्याकडे वळली. तिकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि मेरीम हॉस्पिटलातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला तेच म्हणायची. "मी बावीस वर्षांचे कागद काढून बघितले. एकही डाग नाही. माझ्या स्वयंपाकघरातलं टेबलसुद्धा एवढं स्वच्छ नाही."

"मग टेबल पुसत जा, पोरी. सासूने एवढंही शिकवलं नाही वाटतं."

कुबात शार्शेनोविच हसले आणि विषय तिथेच मिटला. पण नळीच्या बाबतीत मेरीम हटली नाही. नळी काढा, यीस्ट तिच्या आत थर धरून बसलंय, थराखाली औषध पोचत नाही, असं तिने तीनदा सांगितलं. शेवटी कुबात शार्शेनोविचनी नळी काढली आणि डाव्या बाजूला नवी घातली. कालिपाने दुसरं, भारी औषध बिश्केकहून मागवलं. बर्फाच्या डब्यात घालून ते रातोरात गाडीने आलं.

दोन दिवस ताप उतरला. बेगाइमने तीन चमचे मटणाचा रस्सा घेतला. मॉस्कोहून आदिलेतचा फोन आला, तेव्हा फोनच्या पडद्याकडे बघून ती हसलीसुद्धा.

"आपा चांगलं बघतायत," ती नवऱ्याला म्हणाली. तिकडे आईला आणि सासूला दोघींनाही आपा म्हणतात. "घरी कधी एवढं बघितलं नव्हतं."

"घरी कधी एवढी पडून तरी राहिलीस का?" रिस्कुल थर्मामीटर झटकत म्हणाली. "हात वर कर."

बेगाइमने हात वर केला. बरी व्हायला लागलेली सून टोमणा ऐकून घेते तशी तिने डोळे मिटले, पण ओठांवर हसू होतं. रिस्कुलला त्या क्षणी तिची माया आली. बरी झाली की हिला वर्षभर पाहुण्यांचं काही करायला लावायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी ताप परत आला. आता डाव्या नळीतही तेच निघालं.

रिस्कुलला पहिल्यांदा भीती वाटली. मेरीम म्हणत होती ते खरं असणार. ते वॉर्डातच कुठेतरी होतं, आणि ते शोधायचा जो एक रस्ता होता तो तिनेच बावीस वर्षं बुजवून ठेवला होता. सून वाचायची असेल तर ते सापडायलाच हवं होतं. त्या दुपारी सगळ्या नर्सा जेवायला गेल्यावर तिने बारा नळ्या घेतल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा बोळा खरोखर फिरवला. दांडे झाले, सिंक झालं, मुठी झाल्या, सक्शनचं मशीन झालं. टेबलापाशी आली तेव्हा हातात सातवी नळी होती. दुसरं काही सुचेना, म्हणून बोळा बरणीतल्या कापसाला लावला. जंतुनाशकात जंतू कसले, हे तिला ठाऊक होतं. मोजणी भरायला म्हणून लावला, एवढंच.

नळ्यांवर तिने नुसते आकडे घातले आणि कोणता आकडा कुठला ते आपल्या डोक्यात ठेवलं.

"हे तुझ्यामाझ्यात," तिने मेरीमच्या टेबलावर नळ्या ठेवल्या. "कागदावर काही यायचं नाही. कुठून घेतले ते मी लिहिणार नाही. निघालं तर तोंडी विचार."

मेरीमने नळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बावीस वर्षांचे कागद म्हणजे काय ते त्या पोरीला तेव्हाच कळलं असणार. पण ती नळ्या उचलून आत घेऊन गेली.

तीन दिवसांनी तिने बोलावलं. टेबलावर काचेच्या बारा बशा मांडलेल्या होत्या. अकरांत इकडेतिकडे ठिपके होते. एक बशी मात्र भगर सांडावी तशी काठोकाठ भरली होती.

"बाकीच्यात किरकोळ घाण आहे, सगळीकडे असते तशी," मेरीम म्हणाली. "हे मात्र तेच आहे. तुमच्या सुनेच्या रक्तातलं. सात नंबर काय होतं, एजे?"

रिस्कुलने भरलेल्या बशीवरचा आकडा पुन्हा वाचला. सात नंबर दिवसातून तीनदा सगळ्या वॉर्डाच्या काखेत जात होता. शिक्षकांच्या गेला, ट्रकवाल्याच्या गेला. सुनेच्या तर दुसऱ्या कोणाला लावू न देता तिने स्वतः लावला, एकदाही न चुकता, कालिपाच्या देखत. हे बाहेर पडलं तर आदिलेतला कोण सांगणार, आणि सांगितल्यावर तो तिला आई म्हणेल का? आणि खरं सांगायचं तर सोमवारची बैठकही तिच्या डोळ्यांपुढे आली. सून वर तापाने जळत होती, आणि या बाईला बैठक आठवत होती.

"सिंक," ती म्हणाली.

"हात धुवायचं?"

"हो."

मेरीमने मान हलवली. सिंकमध्ये असं सापडतं, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. "मग नुसतं पुसून भागायचं नाही, एजे. तुमच्या माहेरी घोडीचं दूध आंबवून कुमिस करायची कातडी पिशवी होती ना?"

"होती की."

"ती कितीही विसळली तरी ताजं दूध ओतलं की आपोआप आंबतं. कारण यीस्ट दुधात नसतं, पिशवीच्या अंगात मुरलेलं असतं. स्वतःभोवती चिकट थर करून आत बसतं. वरून औषध ओता, जंतुनाशक ओता, सगळं थरावरून वाहून जातं. तुमच्या सुनेच्या नळीत हेच झालं. म्हणून सिंक फोडून काढायचं. आणि त्या पाण्याला जे जे लागलंय ते धुवायचं नाही, फेकायचं."

काचेचं काय, हा प्रश्न रिस्कुलच्या जिभेच्या टोकावर आला. विचारला असता तर मेरीमने उत्तर दिलं असतं, कारण ते तिला येत होतं. पण विचारला असता तर ती पोरगी हेही विचारती, की सिंकमध्ये काच कुठून आली. रिस्कुलने प्रश्न गिळला आणि उत्तर आपलं आपणच दिलं. दूध मुरतं ते कातड्यात. आईच्या घरी पिशवी मुरलेली असायची, पण ज्या काचेच्या बाटलीतून कुमिस बाजारात जायचं ती उकळत्या पाण्याने धुतली की लख्ख व्हायची, त्यात दूध ठेवलं तर दूधच राहायचं. कापूस मुरतो. काच धुतली जाते.

त्याच संध्याकाळी तिने बरणी कापसासकट पिशवीत बांधली आणि हॉस्पिटलामागच्या भट्टीत टाकली. बारा थर्मामीटर तेवढे ठेवले. उकळत्या पाण्यात घालता येत नाहीत, पारा चढून काच फुटते. म्हणून साबणाने धुतले, पुसले, प्रकाशात धरून पाहिले. लखलखत होते. आकड्यांच्या बारीक खाचा, पाऱ्याच्या टोकाजवळचा सांधा, तिथे काय बसलंय ते डोळ्याला दिसण्यासारखं नव्हतं. तिने नवी बरणी मांडली, नवं पाणी केलं, यावेळी पावडर पुरती घातली. आकडे गेले तर गेले, असं म्हणून तिने जिवावरचं दान केल्यासारखा सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले आणि त्यांनी सिंक उखडलं. मेरीम स्वतः उभी राहून बघत होती. बेगाइमला तिसरी नळी घातली, या वेळी मांडीत, कारण वर आता जागा उरली नव्हती. आणि रिस्कुलने थर्मामीटर काढला, झटकला आणि म्हणाली, "हात वर कर. आता उतरणार ताप, बघच तू."

सूनबाई बिचारी रोज हात वर करत राहिली. पाचव्या दिवसापासून तो तिला उचलवेना, तेव्हा सासू उचलून धरायची. सातव्या दिवशी यीस्ट डोळ्यांत उतरलं आणि एका डोळ्याने दिसेनासं झालं. "आपा, दिवा लावा ना," ती भर दुपारी म्हणाली. रिस्कुलने उठून दिवा लावला. नवव्या दिवशी सकाळी बेगाइम गेली. शेवटचा ताप एकेचाळीस होता, आणि तो सासूनेच मोजला.

मढ्यासाठी अंगणात जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला. आत बायका भिंतीकडे तोंड करून हेल काढून रडत होत्या. बाहेर पुरुष कमरेत वाकून, काठीवर टेकून रडत होते आणि त्यांच्यात मॉस्कोहून आलेला आदिलेत होता. तीन दिवसांत त्याची दाढी वाढली होती. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, की आईने रात्रीचा दिवस केला, दुसऱ्या कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

गुरुवारी, माती देऊन पुरुष परत आल्यावर, कालिपा सगळ्या बायकांमधून वाट काढत रिस्कुलपाशी आली. हातात राखाडी लोकरीची नवी शाल होती, लेकीच्या बाळंतपणात विहिणीला द्यायची म्हणून विणवून ठेवलेली. ती तिने रिस्कुलच्या खांद्यावर घातली.

"मी आई असून जे केलं नसतं ते तुम्ही केलंत," कालिपा म्हणाली. "पोर माझी होती, पण सेवा तुमच्या हातची घेऊन गेली."

रिस्कुलला ते सोसलं नाही. तिने शाल मुठीत धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी मारलं तिला, विहीणबाई. मी, या हातांनी."

मग एक म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "असंच वाटतं गं बाई. माझा लेक गेला तेव्हा मीही हेच म्हणत होते." दुसरीने तिची पाठ चोळली. कोणी चहाचा प्याला हातात दिला. कालिपाने तिला छातीशी धरलं आणि दोघी मिळून रडल्या. आणखी एक वाक्य बोलली असती, फक्त एक, तर सगळ्यांचे हात तिच्या पाठीवरून निघाले असते. ते वाक्य तिला पाठ होतं. ते न बोलता ती चहा प्यायली. मन मोकळं झाल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

संध्याकाळकडे मेरीम आली. हात जोडून, मान खाली घालून कालिपाला भेटली आणि मग रिस्कुलला तंबूच्या दाराशी बाजूला घेतलं.

"आजच्या दिवशी बोलू नये, पण माझं डोकं चालेनासं झालंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पाच नंबरच्या खाटेवर नवा म्हातारा आला होता ना, मेंढपाळ, छातीचा. सिंक काढल्यानंतर आठवड्याने आला. त्याच्या काखेच्या स्वॅबमध्ये आज तेच निघालं. रक्तात अजून नाही, पण नळी आहे, उतरायला वेळ लागणार नाही. एजे, सिंक तर नाही आता. कुठे शोधू?"

रिस्कुलने शाल घट्ट ओढून घेतली. बरणी जळाली होती, कापूस जळाला होता. राहिले होते ते बाराजण, तिने साबणाने लख्ख धुतलेले. म्हणजे सात नंबर कळल्यानंतरचे ते नऊ दिवस, सुनेचा हात उचलून धरून, ती तेच करत होती. आधी तिला ठाऊक नव्हतं म्हणून केलं, नंतर विचारलं नाही म्हणून केलं. हे तिला तिथे, तंबूच्या दाराशी, एका दमात कळलं. अंगणात आदिलेत कोणा पाहुण्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभा होता.

मेरीम वाट बघत होती.

"पाइपात असेल," रिस्कुल म्हणाली. "सिंक काढलं, पाइप तसाच आहे. आत भिंतीत."

मेरीमने क्षणभर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. "खरंच की. भिंत फोडावी लागेल. उद्याच मिस्त्रींना सांगते." तिने रिस्कुलचा हात दाबला. "अशा वेळीही तुमचं डोकं ठिकाणावर आहे, एजे."

ती गेली. रिस्कुल परत आत येऊन बायकांमध्ये बसली. सोमवारी कामावर रुजू झाले की ट्रे हातातून पाडायचा, बाराच्या बारा थर्मामीटर फोडायचे, म्हातारी झाले, हात थरथरतात असं सांगायचं, हे तिने पक्कं ठरवलं. सोमवारी, आधी नाही, कारण घरात दुखवटा असताना आधी गेली तर लोक विचारतील. आज गुरुवार होता. संध्याकाळची ताप बघायची वेळ झालेली होती, आणि तिच्या हाताखालच्या पोरी वेळेच्या पक्क्या होत्या. तिनेच तसं शिकवलं होतं.